‘मोकळी जमीन’ आणि म्हातारपणाचे घर : गिरण्यांच्या पुनर्विकासातील काही शब्द

कायद्याच्या भाषेत शब्दाचा अर्थ हा केवळ कोशाचा विषय राहत नाही. त्याचे क्षेत्रफळ मोजता येते. मुंबईतील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे पुढे काय झाले, याविषयी अर्थशास्त्राच्या व नगररचनेच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या जमिनीचा किती हिस्सा घरांना मिळावा आणि किती मालकाकडे राहावा, हा वाद अखेरीस ज्या दोन शब्दांच्या अर्थावर येऊन थांबला, त्यांचा विचार मात्र भाषेच्या अंगाने फारसा झालेला नाही. शिवाय या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मुंबईत नसून रत्नागिरीत आहे. गिरणीत आयुष्य घालविलेल्या माणसाचे म्हातारपण कोठे जावयाचे, याची तरतूद गिरण्यांच्या जमिनीसंबंधीच्या नियमांत कोठेही केलेली नव्हती. ती कोकणातील घराने परस्पर केलेली आहे असे सर्वांनीच गृहीत धरले होते. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध कसा येतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची. ती ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, भायखळा, शिवडी या भागांत गिरण्यांची जी दाटी झाली तिला ‘गिरणगाव’ हे नाव पडले. हे नाव अन्वर्थक आहे. तेथील वस्ती शहराची असली तरी तिची घडण गावाची होती, आणि ते गाव बहुतांशी रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले होते. १९११ च्या जनगणनेत गिरणी कामगारांपैकी सुमारे निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळतात. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे होत. त्यांचे विभाजन १९८१ साली झाले. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्या हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशा बंदरांतून आगबोटीने, आणि पुढे एस. टी. च्या गाड्यांनी मुंबईस गेल्या.

या येण्याजाण्याने कोकणच्या बोलण्यात निवासवाचक शब्दांची एक विशिष्ट व्यवस्था निर्माण केली. मुंबईत असते ती ‘खोली’ किंवा ‘बिऱ्हाड’. ‘घर’ असते ते गावी. मुंबईत चाळीस वर्षे राहिलेला मनुष्यही गणपतीला किंवा शिमग्याला ‘घरी’ जातो आणि सण आटोपला की ‘मुंबईला’ परत येतो. तो मुंबईच्या ‘घरी’ परत येत नाही. गावचे लोक त्याला ‘चाकरमानी’ म्हणतात. फारसीतून आलेल्या ‘चाकर’ शब्दावर उभारलेले हे नाव माणसाला त्याच्या कामावरून ओळखते. काम मुंबईत असले तरी हे नाव मात्र गावच्या नजरेतूनच दिलेले आहे. अनेक गावांच्या मुंबईत सामाईक खोल्या असत. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्यांच्या बायका, मुले व म्हातारी माणसे गावी राहत, आणि त्यांचा निर्वाह मनिऑर्डरीवर होई. ‘मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा’ हे रत्नागिरीचे वर्णन जितके थट्टेचे तितकेच खरे होते.

या व्यवस्थेत आजारी पडलेला कामगार घरी जाई, बाळंतपण घरी होई आणि म्हातारपणही घरीच जाई. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला हा संबंध तोडू नये, तो टिकवावा, असे मत दिले. आजारपण, प्रसूती, वार्धक्य व बेकारी या प्रसंगी गाव हाच त्याचा आधार आहे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. गाव हा गिरणीचा न लिहिलेला विमा होता असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्याचा हप्ता गिरणीने कधी भरला नाही. तो रत्नागिरीच्या घराघरांतील बायकांनी आपल्या श्रमाने भरला.

येथे मराठीच्या एका लकबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. वृद्धाची वा रुग्णाची सेवा करणे या अर्थी मराठी बोलण्यात ‘करणे’ हे क्रियापद षष्ठीच्या रूपाबरोबर, कर्माचा उच्चार न करता, वापरले जाते : ‘तिने सासूचे शेवटपर्यंत केले’, ‘आता आमचे कोण करणार?’ काय केले, हे सांगावे लागत नाही. उठविणे, आंघोळ घालणे, भरविणे, रात्री जागणे हे सारे त्या एका न उच्चारलेल्या कर्मात सामावलेले असते. परंतु अशा वाक्यात कर्ता मात्र अटळ असतो, आणि तो नेहमी माणूसच असतो, बहुधा घरातील सून किंवा लेक. संस्था या वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. ‘नगरपालिकेने त्याचे शेवटपर्यंत केले’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही कोणाही मराठी भाषकाला चमत्कारिक वाटेल.

क्रियापद असे समृद्ध असताना या सेवेच्या स्थळासाठी मात्र मराठीत सर्वमान्य नाम नाही. ‘वृद्धाश्रम’ या शब्दाला निराधारपणाची व टाकून दिल्याची छटा चिकटली आहे. ‘शुश्रूषागृह’ म्हटले की खासगी डॉक्टरांचा लहानसा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. (‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’, ऐकणे आणि सेवा यांचा हा जुना संबंध दवाखान्याच्या पाटीवर कोणाच्या लक्षात येत नाही, हे खरे.) ज्याला धड आजारी म्हणता येत नाही आणि धड निराधारही म्हणता येत नाही, पण ज्याला दिवसरात्र दुसऱ्याच्या हाताची गरज आहे, अशा माणसाच्या निवासाला नावच नाही. आणि नगररचनेच्या कोष्टकात क्रियापदे घालता येत नाहीत. तेथे नामेच लागतात, व प्रत्येक नामापुढे क्षेत्रफळ.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि हळूहळू एकेक बंद होत गेली. या घटनेचे वर्णन मराठीत सर्रास ‘गिरण्या बंद पडल्या’ असे केले जाते. घड्याळ बंद पडते, विहिरीचा पंप बंद पडतो, तशा गिरण्या बंद पडल्या. ‘बंद केल्या’ म्हटले असते तर कर्ता शोधावा लागला असता. ‘पडणे’ या क्रियापदाने ती अडचण दूर केली. कामगार मात्र ‘रिकामा’ झाला. ‘रिकामा’ आणि ‘मोकळा’ हे शब्द कोशात शेजारी असले तरी व्यवहारात त्यांची किंमत भिन्न आहे. रिकामा मनुष्य कोणाला नको असतो. मोकळी जमीन सर्वांना हवी असते.

आता त्या जमिनीकडे वळू. मुंबईतील ५८ गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात आल्या होत्या. उरलेल्या, एखादा अपवाद वगळता, खासगी मालकीच्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा अन्य वापर करण्यास मुभा दिली. मात्र तिला विभाजनाची अट घातली. एक हिस्सा उद्याने व क्रीडांगणे यांसाठी महानगरपालिकेला, दुसरा हिस्सा सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि तिसरा मालकाला, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीस हे प्रमाण अनुक्रमे ३३, २७ व ४० टक्के असे ठरविलेले होते. जमीन जितकी मोठी तितका मालकाचा हिस्सा कमी होत जाई. गिरणीच्या जुन्या इमारती तशाच ठेवून त्यांचा वापर बदलल्यास हे विभाजन टाळता येत असे. लोअर परळच्या फिनिक्स मिलसारख्या ठिकाणी जुन्या इमारतींतून दुकाने व करमणुकीची स्थाने निघाली, त्याचे एक कारण येथे आहे. १९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. महामंडळाच्या गिरण्यांचा सुटा सुटा विचार न करता सलग विचार करावा, ही त्याची दृष्टी होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही.

२० मार्च २००१ रोजी नियमात दुरुस्ती झाली, आणि तेथून ‘मोकळी जमीन’ या शब्दप्रयोगाचा खरा इतिहास सुरू होतो. दुरुस्तीनंतर विभाजन लागू राहिले ते मोकळ्या जमिनीला व शिल्लक चटईक्षेत्राला. मग मोकळी जमीन म्हणजे कोणती? जी आधीपासूनच इमारतीविना होती ती, की इमारती पाडल्यावर जी मोकळी होईल तीसुद्धा? या प्रश्नाचे मोल एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. चार हेक्टरांची एक गिरणी आहे. तिच्या साडेतीन हेक्टरांवर साचेखाते, सूतखाते, गोदामे व बॉयलरची इमारत उभी आहे, आणि अर्धा हेक्टर अंगण आहे. दुसरा अर्थ घेतला तर चारही हेक्टरांचे विभाजन होईल व घरांसाठी १.०८ हेक्टर जमीन मिळेल. पहिला अर्थ घेतला तर केवळ अंगणाचे विभाजन होईल आणि घरांच्या वाट्याला ०.१३५ हेक्टर येईल. मुंबईच्या गिरण्यांत अंगण थोडे आणि छपरे फार. तेव्हा एका विशेषणाच्या अर्थाने घरांचा वाटा आठपटींनी वाढतो किंवा घटतो, असा हा प्रकार होता.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दुसरा, म्हणजे व्यापक अर्थ स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ च्या निकालात तो बदलून पहिला अर्थ कायम केला : पाडापाडीनंतर मोकळी होणारी जमीन या तरतुदीतील ‘मोकळी जमीन’ नव्हे.

मूळ वाद इंग्रजी शब्दाविषयी होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि मराठीतून पाहिले असता संदिग्धतेचे मूळ अधिक स्पष्ट दिसते. ‘मोकळा’ हे विशेषण स्थितिवाचकही आहे आणि परिणामवाचकही आहे. ‘मोकळे मैदान’ म्हणताना ते पूर्वी भरलेले होते असे कोणी सुचवीत नाही; परंतु ‘हात मोकळे झाले’, ‘तुरुंगातून मोकळा झाला’ येथे आधीची बांधलेली अवस्था अर्थातच अभिप्रेत असते. मराठीने हा भेद ‘असणे’ आणि ‘होणे’ या सहाय्यक रूपांकडे सोपविला आहे : मोकळी असलेली जमीन निराळी, मोकळी झालेली जमीन निराळी. विशेषण नामाला थेट चिकटले की हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. नियम मराठीत लिहिला गेला असता आणि मसुदा करणाऱ्याने ‘मोकळी असलेली’ अथवा ‘मोकळी असलेली वा होणारी’ यांपैकी एक रूप योजले असते, तर अर्थाचा हा वाद न्यायालयात इतक्या दूर जाण्याचे कारण उरले नसते. अर्थात तसे रूप योजताना मसुदा करणाऱ्याला आपला हेतूही उघड करावा लागला असता. संदिग्ध शब्द नेहमीच निष्काळजीपणाने येतात असे मानण्याचे कारण नाही.

न्याय्यतेच्या दृष्टीने दुसऱ्या बाजूचाही उल्लेख करणे अवश्य आहे. दोन-तृतीयांश जमीन सोडावी लागली तर कामगारांची थकलेली देणी व बँकांची कर्जे फेडण्यापुरतेही हाती राहणार नाही, हा मालकांचा व शासनाचा युक्तिवाद होता. आणि १९९१ चा नियम दहा वर्षे कागदावर असूनही त्यातून घरे व उद्याने फारशी निघाली नव्हती, हे सत्य होते. परंतु त्यावरून अटी सौम्य कराव्यात इतकेच सिद्ध होते. विभाजनाला विषय म्हणून जवळजवळ काही उरूच नये, हे त्यातून निष्पन्न होत नाही. २००५ मध्ये महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल, १७ एकरांची, ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. या आकड्याकडे पाहिल्यावर, वाटून देण्याइतकी किंमत त्या जमिनीत नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तिच्यावर कामगारांसाठी घरे उभी राहिली. त्यांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. तीत ६,९२५ घरे होती, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची, किंमत साडेसात लाख रुपये. २०१६ मध्ये दोन सोडतींत २,६३४ व २,४१७ घरे निघाली, त्यांपैकी दुसऱ्या सोडतीतील घरे पनवेलजवळ कोन येथील होती. आणि मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग व श्रीनिवास मिलच्या जमिनीवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. एकूण १५,८७०. अर्ज होते पावणेदोन लाखांच्या आसपास. उरलेल्यांसाठी पुढे शेलू व वांगणी येथील घरांची योजना पुढे आली. ती ठिकाणे गिरणगावापासून किती दूर आहेत हे लोकलने कर्जतकडे गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानात पुन्हा जमले, ते मुंबईतच घर मिळावे या मागणीसाठी.

या घराला कामगार स्वतः ‘खोली’ म्हणतो, मंडळाच्या जुन्या कागदांत तो ‘गाळा’ असतो आणि जाहिरातीत ‘सदनिका’. ‘गाळा’ म्हणजे मुळात दोन खांबांमधील जागा. ‘सदनिका’ हा ‘सदन’ शब्दाला लघुत्ववाचक प्रत्यय लावून घडविलेला नवा शब्द. तिन्ही नावांत ‘घर’ कोठेच नाही, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

त्याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे पात्रतेच्या अटीतील ‘किंवा’. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस या घराला पात्र ठरतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे ‘किंवा’ निरुपद्रवी आहे. काळाच्या दृष्टीने तसे नाही. १९८२ साली जो चाळीस वर्षांचा होता तो पहिल्या सोडतीच्या वेळी सत्तर वर्षांचा झालेला होता, आणि २०२० च्या सोडतीच्या वेळी अठ्ठ्याहत्तर. सोडत जितकी लांबेल तितका या वाक्यातील पहिला शब्द मागे पडतो व दुसरा पुढे येतो. दोघांच्या गरजा मात्र एक नाहीत. वारसाला नोकरीच्या जवळ निवारा हवा असतो. वृद्ध कामगाराला जिना, शौचालय, दवाखाना व सोबत यांची चिंता असते. नियमाने दोघांना एकाच गाळ्यात बसविले. २२५ चौरस फुटांत मुलगा, सून व नातवंडे राहू लागली की आजोबांसाठी उरते ते गावचे घर, आणि मग जुनाच उपाय पुन्हा उपयोगात येतो : त्यांना रत्नागिरीला पोचवावयाचे.

पण गावचे ते घर आता पूर्वीचे राहिलेले नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,१२२, म्हणजे राज्यात सर्वाधिक. या आकड्यात स्त्रियांचे भाग्य वाचण्याचे कारण नाही; कमावत्या पुरुषांनी गाव सोडल्याचा तो दाखला आहे. आणि आता सुनाही गावी राहत नाहीत. त्या पनवेलला, विरारला, पुण्याला आहेत. ‘करणे’ या क्रियापदाचा कर्ता वाक्यातून निघून गेला आहे. घराला कुलूप, किंवा घरात दोनच म्हातारी माणसे, एक दुसऱ्याचे करणारी, ही स्थिती कोकणातील वाड्या-वाड्यांतून दिसते.

उद्योगाच्या जागेत वार्धक्याची जागा आखणे ही कल्पना नवी नाही. यॉर्कशायरमध्ये सर टायटस सॉल्ट यांनी १८५३ मध्ये सुरू केलेल्या लोकरगिरणीभोवती सॉल्टेअर नावाचे गाव वसविले आणि १८६८ मध्ये तेथे वृद्ध व अपंग यांच्यासाठी ४५ घरे बांधून त्यांना साप्ताहिक निर्वाहवेतन दिले. त्या उदारतेत मालकाची हुकमतही होती. शीलाची परीक्षा दिल्यावाचून ते घर मिळत नसे. गिरणी १९८६ मध्ये बंद झाली, पण गाव आराखड्यात वृद्धांचा निवास शाळेच्या व रुग्णालयाच्या बरोबरीने एक स्वतंत्र घटक म्हणून नोंदला गेला होता. मुंबईच्या ५८ व्या नियमाच्या कोष्टकात तीन स्तंभ होते. चौथ्या स्तंभाची आवश्यकता कोणाला भासली नाही, कारण तो स्तंभ समुद्रमार्गे दूर अंतरावर उभा आहे अशी सर्वांची समजूत होती.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमाने ही उणीव अंशतः ओळखली. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निवास राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’ असे म्हटले आहे. ‘करील’ असे म्हटलेले नाही. शक्यार्थ आणि आज्ञार्थ यांतील अंतर व्याकरणात एका प्रत्ययाचे असते. अंमलबजावणीत ते एका इमारतीचे असते. पुन्हा, हे कलम निराधारांपुरते आहे. ज्याला मुलगा आहे, वारसा हक्काने मिळालेला गाळाही आहे, पण ज्याचे करणारे कोणी नाही, तो या कलमाच्या कक्षेत सहसा येत नाही.

हा विचार केवळ मुंबईपुरता नाही. २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईबाहेरील बहुतेक शहरांत औद्योगिक विभागातील जमिनीवर, काही अटींवर, निवासी वापरास वाट दिली आहे. रत्नागिरी नगरपरिषदेसारख्या लहान नगरांत एखादा कारखाना बंद होऊन त्याची जमीन घरांसाठी घेण्याचा प्रसंग येईल तेव्हा मसुदा करणाऱ्याला निदान दोन वाक्ये मुंबईपेक्षा निराळी लिहावी लागतील. पहिल्या वाक्यात विभाजनास पात्र जमीन कोणती, इमारती पाडण्यापूर्वीची की पाडल्यानंतरची, हे क्रियापदाच्या रूपाने सांगावे लागेल. दुसऱ्या वाक्यासाठी आधी एक नाम घडवावे लागेल. ‘शुश्रूषानिवास’ म्हणावे की आणखी काही, हा भाग गौण आहे. पण त्याच्या व्याख्येत किती खाटा, त्यांमागे किती सेविका, आणि त्या सेविकांचे वेतन कोणाच्या खात्यातून, हे यावेच लागेल. ज्या कामाला आजवर कर्म उच्चारण्याचीही गरज वाटली नाही, त्याचा हिशेब तेथे प्रथमच खर्चाच्या बाजूला मांडला जाईल.